फोटोत माणूस नाही म्हणून

स्किप्टन, यॉर्कशायर
रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

पार्सल पोचलं. मेतकूट शाबूत आहे, गोडा मसाला सांडला, आणि आई, तू मध्ये कोंबलेले लोकरीचे मोजे आता फोडणीसारखे दरवळतात. कपडे मशीनमध्ये टाकलेत, कुकर लावलाय, तेवढ्यात तुझ्या फोनचं उत्तर लिहिते. प्रशांतनं सायकलफेरीत काढून पाठवलेला फोटो पाहून तुला धसका बसला तो चढाचा नाही, थंडीचा नाही, तर "अख्ख्या रस्त्यावर एक माणूस नाही गं!" याचा. नानांनी लगोलग इंग्लंडमधल्या सायकल-अपघातांची बातमी ढकलली आणि शकूमावशीनं जावईबापूंना जिम लावायला सांगितलं. (मावशीच्या सोसायटीच्या जिममध्ये पापड वाळत घालतात, याची तिला कुणीतरी आठवण करून द्या.) माझं म्हणणं एवढंच आहे: काळजी करायचीच तर रिकाम्या रस्त्याची नको, भरलेल्या रस्त्याची कर, आणि त्यातून उरलीच तर हवेची कर.

फोटो स्वेलडेल खोऱ्यातला. ते पहिल्यापासून असं सुनसान नव्हतं. तिथे शिशाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाचा भाव कोसळला, खाणी बंद पडल्या आणि माणसं लँकेशरच्या कापडगिरण्यांत, डरहॅमच्या कोळशाच्या खाणींत, काही थेट अमेरिकेत गेली. जावळीतल्या गावांतून माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कशी गेली, मागे म्हातारी माणसं आणि मनीऑर्डर कशी उरली, हे बाबांना मी सांगायला नको. इथे जे राहिले त्यांनी खोरं राखलंय. शेताशेतात दगडी दुमजली गोठा, खाली गुरं, वर गवत. बांधाला चुना-सिमेंट न लावता रचलेल्या भिंती. त्या ढासळतात आणि कुणीतरी त्या पुन्हा रचतं. पठारावर चढलं की भिंती संपतात आणि रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी येते. मेंढी ती ओलांडत नाही, सायकल ओलांडते, पण पावसात हँडल सरळ धरून आणि ब्रेकला हात न लावता. पुढे बर्फात रस्ता कळावा म्हणून उंच खांब, अवघड वळणावर मीठ-खडीची पिवळी पेटी. वाडीच्या फाटकाशी अंडी मांडलेली असतात, शेजारी पैसे टाकायला पत्र्याचा डबा, विकणारं कुणी नाही. गावातल्या लाल टेलिफोनच्या खोक्यात आता बऱ्याच ठिकाणी बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र ठेवलंय. एवढी मांडामांड ज्या रस्त्यावर आहे तिथे माणूस नाही असं कसं म्हणायचं? तो फोटोत आला नाही, इतकंच. उलट साताऱ्यात पोवई नाक्यावर फोटो काढला तर पन्नास माणसं येतील, आणि त्यातल्या एकाचंही लक्ष सायकलवाल्याकडे नसेल.

आता नानांची बातमी. ती खोटी नाही. इथे सायकलवाल्यांना लहानसहान अपघात शहरात जास्त होतात, पण जीव जायचं प्रमाण शहराबाहेर जास्त, कारण तिथे गाड्या सुसाट असतात. पण शहराबाहेरचे सगळे रस्ते नानांनी एका गोणीत भरले. बाजारगावांना जोडणारे मोठे रस्ते वेगळे आणि नकाशावर नंबरही नसलेली डोंगरातली वाट वेगळी. पहिल्यावर ट्रक मागून येतो. दुसरीवर दूधवाला, पोस्टाची गाडी आणि ट्रॅक्टर, आणि तिघांनाही पुढच्या वळणावर मेंढी आडवी असेल हे ठाऊक असतं. इथे मात्र मला नानांच्या बाजूनं भांडायला हवं, कारण सरकारचा एक नियम डोकं फिरवणारा आहे. गावाबाहेर पडलं की पांढऱ्या चकतीवर काळी तिरकी पट्टी दिसते. तिचा अर्थ, मोटारीला ताशी साठ मैलांपर्यंत मुभा. साठ मैल म्हणजे जवळजवळ सत्त्याण्णव किलोमीटर! ही मुभा चारपदरी रस्त्याला असती तर बोलले नसते. पण दोन दगडी भिंतींमधल्या, आपल्या वाड्यासमोरच्या बोळाएवढ्या वाटेलाही तीच चकती. गावात वीस-तीस मैलांचा धाक, आणि जिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला अर्धा फर्लांग मागे जावं लागतं तिथे साठ. कुणी म्हणेल, तेवढ्या वेगानं तिथे जातंच कोण? मग पाटी कशाला? त्यातल्या त्यात बरं म्हणजे 2022 पासून नियमावलीत सायकलवाल्याला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडा असं लिहिलंय. तेवढं अंतर या वाटांवर नसतंच, म्हणून गाडीवाल्याला मागे थांबावं लागतं, आणि बहुतेक थांबतात. हॉर्नही वाजवत नाहीत. त्या शांततेची तुला भीती वाटते, आई, कारण आपल्याकडे हॉर्न थांबला की काहीतरी झालेलं असतं.

चढाबद्दल बाबांनी हसून घ्यावं. फोटोतला तो बटरटब्स घाट 526 मीटर, यॉर्कशायरमधला सर्वांत उंच डांबरी रस्ता फ्लीट मॉस 589 मीटर. अख्खं सातारा शहरच त्यांच्या डोक्यावर बसलंय. पण यवतेश्वरचा घाट वळसे घेत माणसाला सांभाळून वर नेतो, इथल्या वाटा नाकासमोर चढतात. केटलवेलवरून निघणारा पार्क रॅश काही जागी चारास एक आहे, म्हणजे चार हात पुढे तर एक हात वर. सरकारी मोजणीच्या नकाशावर असल्या चढाला दोन बाण काढतात. एक बाण म्हणजे दम लागेल, दोन बाण म्हणजे उतरून ढकला. ढकलण्यात कमीपणा नाही. 2014 साली टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा लीड्सहून हॅरोगेटला याच बटरटब्सवरून गेला. माणसांचाच फोटो हवा असेल तर त्या दिवसाचा शोध, रस्ता दिसणार नाही. आणि त्या शर्यतीत असतात तसल्या सायकलींची किंमत बाबांना सांगू नकोस: दहा हजार पौंडांच्या पुढे, दहा लाखांच्या वर, आणि त्यात स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. बंडूदादाच्या नव्या गाडीला निदान छप्पर आहे. प्रशांतची कुणीतरी वापरून टाकलेली आहे, निश्चिंत राहा. इथल्या हॉज गावात चहा आणि केकचा तुकडा मिळून आठ पौंड पडतात. तेवढ्या पैशांत तिकडे अख्ख्या घरादाराची मिसळ होते, वर तर्री फुकट.

फोनला रेंज नसते, हा तुझा मुद्दा मान्य. आपत्काळचा फोन मिळेल त्या कंपनीच्या टॉवरवरून लागतो, पण टॉवरच नसेल तर नाही लागत. डोंगरात अडकलेल्यांना आणणारी पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत, पण त्यांना कळलं तर पाहिजे. म्हणून हवेची काळजी कर म्हटलं. 2019 ची जागतिक सायकल-शर्यत इथे होती, तेव्हा पाऊस असा कोसळला की बटरटब्सच गाळावा लागला. 2021 च्या नोव्हेंबरात टॅन हिलच्या पबमध्ये, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा तो, साठेक माणसं बर्फामुळे तीन रात्री अडकली. सुखरूप होती, खायला-प्यायला होतं. चढताना घाम येतो, उतारावर तोच घाम गार पडतो, बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. खरा धोका तो. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. हवा बघून घरी बसणं हाही या छंदाचाच भाग आहे, आणि मोजे पाठवलेस ते बरं केलंस.

इथल्या काळ्या तोंडाच्या मेंढ्यांना कुंपण लागत नाही. पठाराचा कुठला तुकडा आपला ते कोकरू आईमागे फिरून शिकतं आणि जन्मभर तिथेच चरतं. एप्रिलमध्ये आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की सायकलवाल्यानं थांबायचं; ते तिच्याकडे धावणारच. ऑगस्टमध्ये पठार जांभळं होतं, तेव्हा तर कासची इतकी आठवण येते की राग येतो. एवढ्या फुलांना ना तिकीट ना ऑनलाइन बुकिंग, पण शेजारी उभं राहून "चला, उशीर होतोय" म्हणणारे बाबा नाहीत.

कुकर झाला. चिन्मयच्या मुंजीला पाचशे पानं कशाला? काकूंच्या माहेरचे वगळा. नानांच्या गुडघ्याला सायकल चांगली असं इथले डॉक्टर सांगतात. तुमचे विचारून बघा.

तुझी
मधू

ता. क. कंदी पेढे पार्सलात घालू नकोस. दुधाचे पदार्थ तिकडून पाठवायला बंदी आहे, पकडले तर फेकून देतात. तिथेच संपवा, आणि कसे झाले होते ते मला कळवू नका.