अंग न भिजवता खनिज धुण्याची कृती

साहित्य : व्हीआर हेडसेट एक, विद्यार्थी चाळीस, चार्जिंग निम्मं. (हेडसेट दहा आले होते. नऊ कपाटात आहेत आणि किल्ली रजेवरच्या सरांकडे.)

आधी चष्म्याचं बघा. हेडसेटखाली तो मावत नाही आणि त्याच्याशिवाय जॉ क्रशर कुठला न् प्राचार्य कुठले ते कळत नाही. मग पडद्यापासून चार हात लांब उभे राहा. मागच्या बॅचमधल्या एकाने बेल्ट थांबवायला आणीबाणीची दोरी ओढली, ती पडद्याची निघाली. पोटात ढवळेल. डोळे म्हणतात चाललोय, आतला कान म्हणतो जागेवरच आहोत. लिंबू हुंगा, एसटीच्या घाटातला उपाय इथेही चालतो.

आता बॉल मिलमध्ये शिरा. चालू मिलच्या पोटात उभं राहायची सोय दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून इथे घाई करू नका. मिलचा व्यास तीन मीटर धरा. वेग मिनिटाला २४ फेऱ्यांच्या पुढे नेलात की पोलादी गोळे भिंतीला चिकटून नुसते गरगरतात, दळण बंद. १८ वर आणा : गोळे वर चढतात, सुटतात आणि खालच्या ढिगावर आदळतात. ४२.३ भागिले व्यासाचं वर्गमूळ, हे सूत्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पहिला गोळा डोक्यावर येताना दिसला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मी खाली वाकलो. हेडसेटचे पैसे इथे वसूल.

आवाजावर मात्र जाऊ नका. मिल रिकामी असो की गच्च, रेकॉर्डिंग एकच. आमच्या प्रयोगशाळेतले मामा मिलकडे पाठ करून चहा पितात, खणखणाट वाढला की म्हणतात, "माल घाला," आणि आवाज दबला की, "थांबवा, पोट भरलं."

हायड्रोसायक्लोनच्या खालच्या तोंडातून गाळ छत्रीसारखा पसरून पडायला हवा. दोरासारखा सरळ पडू लागला, तर तोंड तुंबतंय आणि जाड माल वरच्या वाटेने निसटतोय. आभासी छत्री सुंदर दिसते. मामा तिथे बोट धरतात आणि कण चिमटीत चोळतात. तुम्ही धराल तर बोट आरपार जाईल.

जिग समजत नसेल तर हेडसेट काढा, घरी जा आणि तांदूळ रोळा. खडे खाली, दाणे वर. आईला सांगा, प्रॅक्टिकल आहे.

फ्लोटेशन शेवटी. झँथेट तांब्याच्या कणाला पाणी नकोसं करतं, कण बुडबुड्याला धरून वर येतो, फेस सोनेरी चमकतो. मलांजखंडच्या सहलीत आम्ही तो फेस पाहिला आणि सडक्या कोबीचा वास नाकात घेऊन नागपूरला परतलो. यंदा तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी झँथेट कसं ओळखाल विचारलं. उत्तर आलं, "सर, डब्यावर लेबल असतं."

प्लांट बंद करायला 'एक्झिट' दाबा. (खऱ्या प्लांटमध्ये आधी फीड तोडतात, मग पाइपांतून साधं पाणी सोडतात, नाहीतर गाळ बसतो आणि सकाळी पाइप खोलावे लागतात.) हेडसेट कोरड्या फडक्यानेच पुसावा. फडकं मामांकडे मिळेल. ते ओलं असतं.