काळ्या पाण्याचं आवर्तन

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नगर जिल्ह्यातला माणूस लांबच्या नातेवाइकांना आठवायला लागतो. एरवी लग्नाची पत्रिकाही व्हॉट्सॲपवर टाकणारे साडू, मावसभाऊ आणि त्यांचे शेजारी अचानक फोन करतात. "साईबाबांना यायचं म्हणतोय, जाता जाता शिंगणापूर करू. मुक्कामाला तुमच्याकडंच." ३१ डिसेंबरला शिर्डीचं मंदिर दर्शनासाठी रात्रभर उघडं असतं, त्यामुळे आमची घरंही रात्रभर उघडी असतात. जिल्ह्याला नाव अहिल्यादेवींचं मिळालं असलं तरी अन्नछत्र चालवायला त्यांच्याएवढा खजिना कोणी दिलेला नाही.

तेव्हा यंदा असं ठिकाण गाठायचं ठरलं, की जिथं पाहुणा 'सहज इकडं आलो होतो' म्हणून टपकू शकणार नाही. गोवा बाद, तिथं अर्धं नगर भेटतं. भंडारदऱ्याचे तंबू बाद, तिथं उरलेलं अर्धं. चारी बाजूंनी समुद्र हवा, असं कांदेशेठ म्हणाले आणि अंदमान निघालं.

मंडळी सांगतो. कांदेशेठ म्हणजे मार्केट यार्डातले आडते. मास्तर निवृत्त, विषय भूगोल, त्यामुळे सहलीचे स्वयंघोषित नेते. आप्पा माळकरी. चौथे अध्यक्ष. कशाचे, हे अनोळखी माणसालासुद्धा पहिल्या दोन मिनिटांत कळतं: पाणीवापर संस्थेचे. पाचवा मी, बॅगा सांभाळायला.

आप्पांच्या आईंनी निघताना विचारलं, "तिकडं काळ्या पाण्याला माणसं शिक्षा म्हणून जायची ना रे? तुम्ही पैसे भरून चाललात?" याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. पुण्यापर्यंत गाडी आणि पुढे चेन्नईवरून विमान, एवढ्या प्रवासात आम्ही ते शोधत होतो.

उतरल्यावर पहिला घोळ नावांचा. आमच्या आधार कार्डावर अहमदनगर, आम्ही सांगणार अहिल्यानगर. तिकिटावर पोर्ट ब्लेअर, २०२४ पासून गावाचं नाव श्रीविजयपुरम. पुढं जायचं होतं हॅवलॉकला, ते २०१८ पासून स्वराजद्वीप. लॉजवरच्या पोरानं फॉर्म भरताना 'कुठून आलात, कुठं जाणार' विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, "जुनं सांगू का नवं?" पोरगा समजूतदार निघाला. म्हणाला, "जे गाडीवाल्याला कळेल ते."

सेल्युलर जेलमध्ये मात्र सगळे गप्प झाले. १९०६ मध्ये पुरं झालेलं हे बांधकाम, मधल्या मनोऱ्यापासून फाकलेल्या सात इमारती, जवळपास सातशे कोठड्या. आज सातपैकी तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या पुढच्या बाजूसमोर दुसरीची पाठ येईल अशी रचना, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. तेलाचा कोलू पाहिला. सावरकरांची कोठडी पाहिली. तिथं रांगेत मागंपुढं सगळी मराठीच ऐकू येत होती, निम्मं पुणे तर नक्कीच होतं. मास्तरांना बाहेर आल्यावर गप्प बसवेना. ते गाईडला सांगू लागले, "आमच्याकडंही आहे बरं का. भुईकोट किल्ला. नेहरू, पटेल, आझाद, सगळे होते बेचाळीसला. नेहरूंनी भारताच्या शोधाचं पुस्तक तिथंच लिहिलं." गाईडनं आदरानं मान हलवली आणि पुढचा गट गाठला.

स्वराजद्वीपची बोट सकाळची. बोटवाल्यानं आधीच पिशव्या वाटल्या. समुद्र खवळला होता, आजूबाजूची मंडळी हिरवीनिळी पडत होती. आमचे चौघे मात्र शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी उघडून बसले. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉलीमागं ज्यानं जन्म काढला, त्याला बंगालच्या उपसागरानं काय करावं? कांदेशेठ तर म्हणाले, "रस्ता बरा आहे." पिशवी लागली ती फक्त मास्तरांना. ते लाटांची कारणं सांगत होते.

या बेटावरच्या गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर आणि राधानगर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली. पाच-पाच नगरं पाहून आम्हाला घरच्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिथल्या किनाऱ्यांना नावांबरोबर नंबरही आहेत, आणि राधानगरचा नंबर सात. हे ऐकल्यावर अध्यक्ष थांबले. "सात झाला. बारा कुठाय?" उतारा अर्धा असलेल्या जमिनीवर पाय ठेवायला माणूस तयार होईना.

'टाइम'नं २००४ मध्ये राधानगरला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. सूर्यास्त तिथलाच बघायचा, असं कांदेशेठनी घरूनच लिहून आणलं होतं: 'सहा वाजता सूर्यास्त'. त्याप्रमाणे आम्ही जेवून, झोपून, चहा घेऊन पावणेसहाला पोचलो, तर काळोख. सूर्य मावळून अर्धा तास झालेला. मास्तरांना अखेर विषय मिळाला. नगर पंचाहत्तराच्या आसपास, हे बेट त्र्याण्णवच्या. अठरा रेखांशांचा फरक, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे बहात्तर मिनिटं. घड्याळ एकच, सूर्य वेगळा. "हे तुम्हाला ठाऊक होतं ना?" कांदेशेठनी विचारलं. "अर्थात." "मग चहा घेताना बोलायचं होतं." मास्तर म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारीच गेलो. पांढरी वाळू, मागं किनाऱ्याला भिडलेलं उंच झाडांचं जंगल, आणि पाणी असं की आत उभं राहून पायाची नखं मोजावीत. मगरींचा इशारा देणारी पाटीही होती. आप्पांनी तिला हात जोडले. आता नगरचा माणूस पोहायला शिकतो तो विहिरीत, पाठीला डबा बांधून, आणि त्याची सगळी मर्दुमकी वरून मुटका मारण्यात असते. मुटक्याला काठ लागतो. इथं काठच सापडेना. कांदेशेठ लंगोट आवळून खोल पाण्याच्या शोधात चालत राहिले, चालत राहिले. पाणी कमरेच्या वर यायला तयार नाही. शेवटी लांबवर ठिपक्याएवढे झाल्यावर जीवरक्षकानं शिट्टी मारून त्यांना परत बोलावलं.

अध्यक्ष पाण्यात गेलेच नाहीत. कंबरेवर हात ठेवून, कॅनॉलचं गेट बघावं तसे समुद्राकडं बघत उभे होते.

"मास्तर, किती टीएमसी असंल?"

"अध्यक्ष, हा समुद्र आहे."

"आपलं मुळा सव्वीसचं. भंडारदरा अकरा. जायकवाडी एकशे दोन. म्हणून अंदाज विचारला."

"खारट आहे ते."

"असू द्या खारट. पण कुणाच्या हक्काचं?"

वर ढगही नव्हता, तरी त्यांच्या कपाळावर आठी होती. एवढं पाणी, ना चारी, ना पाळी, ना टेलची बोंब. ज्याच्या जिल्ह्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतं त्याला हे सुख म्हणून बघताच येत नाही, त्याला ती व्यवस्थापनातली ढिलाई वाटते. मला विचाराल तर समुद्राचा इतका मनापासून राग आलेला माणूस मी पाहिला नाही.

जेवणाचं सांगायलाच हवं. खानावळीच्या मालकीणबाई बंगाली, मायाळू. आप्पांनी माळ दाखवून "मांस-मच्छी नको" म्हटलं. त्यांनी समजून मान डोलावली आणि आमटीतला मासा काढून आमटी वाढली. आप्पा उरलेले दिवस केळी आणि शहाळ्यावर राहिले. कांदेशेठनी बाजारात कांद्याचा भाव विचारला, आकडा ऐकून खाली बसले. कांदा मुख्य भूमीवरून जहाजानं येतो म्हणे. मग ते समुद्र सोडून गोण्यांवरचे शिक्के वाचत हिंडले, आणि संध्याकाळी दुकानदाराबरोबर त्यांचं भागीदारीचं बोलणं चाललेलं दिसलं.

एकतीसला परत श्रीविजयपुरमला आलो. रॉस बेटावरून आधी जाऊन आलो. १९४१ च्या भूकंपानं हादरलेली इंग्रजांची ती राजधानी, आता भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी मिठी मारलेली आणि हरणं फिरतायत. मास्तरांनी जुनी तांबडी वीस रुपयांची नोट काढून तिच्या पाठीवरचा देखावा समोरच्या डोंगरावर आणि नारळांवर जुळवला. जुळला. अध्यक्ष म्हणाले, "वीस रुपयांत बघितला असता."

रात्री लॉजच्या गच्चीवर बसलो. खाली गाणी लागली होती. हात धुवायला गेलेले अध्यक्ष मोरीतली पाटी वाचून धावतच आले: 'पाणी जपून वापरा.' मॅनेजरला बोलावलं. त्यानं सांगितलं ते असं: शहराला पाणी धानीखारीच्या धरणाचं. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो, पण उतारावरून थेट समुद्रात. मार्च-एप्रिल आला की नळ दिवसाआड, कधी त्याहून लांब.

अध्यक्षांचा चेहरा त्या सहलीत पहिल्यांदा उजळला. खुर्ची पुढं ओढली. समतल चर कसे खणायचे, आमच्याकडच्या हिवरेबाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत कसा मांडतात आणि त्यावर पिकं कशी ठरतात, बोअरला बंदी का. कागदाच्या ताटलीवर आकृत्या निघाल्या. मॅनेजर भारावला. साडेअकराला त्यानं विचारलं, "म्हणजे तुमच्या जिल्ह्यात पाणी भरपूर असेल?"

"आहे की," अध्यक्ष म्हणाले. "जायकवाडीत."

ते कसं, हे आता हिंदीत सांगणं आलं. ऑक्टोबरच्या मध्याला तिथं पासष्ट टक्के साठा नसला की वरच्यांनी खाली का सोडायचं, सोडलेलं वाटेत किती मुरतं, पाणीवाटपावर मेंढेगिरी समिती काय म्हणाली. मास्तर भाषांतर करत होते, कांदेशेठ दुरुस्त्या सुचवत होते, आप्पा शहाळं पीत होते. 'समन्यायी'ला हिंदीत काय म्हणतात यावर दोघांचं जुंपलं तेव्हा बंदरात सगळ्या बोटींनी एकदम भोंगे वाजवले. मॅनेजर शुभेच्छा द्यायला हात पुढं करून उठला.

"बसा," अध्यक्ष म्हणाले, "अजून कोर्टाचं राहिलंय."