चौथी शिट्टी

मानवशास्त्राच्या पहिल्याच वर्षी मॅलिनॉव्स्कीचा तंबू आमच्या डोळ्यांपुढे उभा केला गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा गृहस्थ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर जाऊन राहिला, गावातच तंबू ठोकला, तिथली भाषा शिकला आणि १९२२ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या आधीचे फ्रेझरसारखे पंडित मिशनऱ्यांची नि प्रवाशांची टिपणं वाचून घरबसल्या जगभरच्या चालीरीती सांगत. त्यांना ‘आरामखुर्चीवाले’ म्हणून हसायची आमच्याकडे पद्धत आहे. मीही हसले होते. २०२० साली माझ्यावर तीच पाळी आली तेव्हा घरात आरामखुर्चीसुद्धा नव्हती. एक हात मोडलेली प्लॅस्टिकची खुर्ची होती.

माझा विषय होता दिंडीतल्या बायका. आळंदीहून निघायचं, पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालायचं, बायकांच्या राहुटीत झोपायचं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वही भरायची, असा बेत होता. (कंदील माझा. राहुट्यांमध्ये केव्हाच बल्ब आलेत.) इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर चालल्या होत्या, त्यावर त्यांनी लिहिलंही होतं, मग मी का नाही? बूटसुद्धा घेऊन ठेवले होते. टाळेबंदी लागली, पायी वारी रद्द झाली आणि गाइडबाईंनी एक लांबलचक फाइल पाठवली. ऑस्ट्रेलियातल्या डेबोरा लप्टन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ती सुरू केलेली, आणि साथीच्या दिवसांत फील्डवर्क कसं करावं याच्या युक्त्या तिच्यात संशोधकांनी मिळून भरलेल्या. व्हिडिओवर मुलाखती घ्या, लोकांना डायऱ्या ठेवायला सांगा, फोटो मागवा. वाचून धीर आला.

परभणीकडच्या एका वारकरी मावशींचा नंबर आदल्या वर्षीच घेऊन ठेवला होता. नंबर मावशींचा म्हणायचा, पण फोन नातवाचा, आणि नातवाची शाळा त्या फोनात भरलेली. त्यामुळे आमची वेळ ठरली संध्याकाळी सात. पहिल्या तीन मुलाखतींत मी मावशींचा डावा कान, कपाळाचा वरचा भाग आणि माळवदाच्या तुळया यांचं सखोल निरीक्षण केलं. संमतीपत्र वाचून दाखवणं भाग होतं. “तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही मुलाखत थांबवू शकता,” इथपर्यंत आले, तोच मावशी म्हणाल्या, “थांबिव मग. म्हैस सुटलीय.”

एरवी फील्डवर गेलेला माणूस दुसऱ्याच्या घरात डोकावतो, चुलीपासून माळ्यापर्यंत सगळं टिपून घेतो आणि आपलं घर मात्र शे-दोनशे कोसांवर सुरक्षित ठेवतो. फोननं ही सोय काढून घेतली. तिसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, “मागं कपड्याचा ढीग दिसायलाय. धुतल्याला हाय का धुवायचा?” मला खात्रीनं सांगता आलं नाही. सात म्हणजे माझी कुकर लावायची वेळ. माझ्या अत्यंत विचारपूर्वक तयार केलेल्या प्रश्नांच्या मध्येच त्या म्हणत, “दुसरी झाली.” वरणाला चार शिट्ट्या करते हे त्यांना एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर गॅस कधी बंद करायचा ते परभणीहून ठरू लागलं.

एक दिवस मी घसा साफ करून मुख्य प्रश्न काढला. “मावशी, यंदा वारी चुकली, तुम्हाला काय वाटतं?” उत्तरासाठी वहीत अर्धं पान मोकळं सोडलं होतं.

“चुकली कुठं? म्या निघालेय की.”

रोज पालखीचा मुक्काम जिथे असायला हवा, तिथे मावशी पोचत होत्या. पहाटे तुळशीला फेऱ्या, मग अंगण, मग बांधापर्यंत जाऊन परत. सासवडच्या दिवशी माळवदाचा जिना वीस खेपा चढून दिवे घाट पार केला. जेजुरीला कपाळाला हळद लावली. नीरेला हौदातलं पाणी पायांवर घेतलं. आमच्या शास्त्रात लांबून अभ्यास केल्याचं थोर उदाहरण म्हणजे रूथ बेनेडिक्टबाईंचं: युद्धामुळे जपानला पाय न लावता त्यांनी जपानवर १९४६ साली गाजलेलं पुस्तक लिहिलं. मावशींनी ते नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही, आणि लप्टनबाईंची फाइलही त्यांना कुणी पाठवली नव्हती. माझ्या वहीत प्रत्येक टिपणाच्या वर ‘ठिकाण’ असा रकाना असतो. त्या दिवशी मी ‘माळवदाचा जिना’ लिहिलं, खोडलं, ‘दिवे घाट’ लिहिलं, आणि गाइडबाईंना काय सांगायचं या विचारात तेही खोडलं.

लोणंदच्या मुक्कामाला मावशींनी मलाच विचारलं, “तू कुठवर आलीस?”

“मी पुण्यातच आहे, मावशी.”

“आजून? पालखी पुण्यातून कवाच गेली.”

दुसऱ्या दिवशी बूट घालून गच्चीवर गेले. शेजारच्या काकांना वाटलं, हिला डॉक्टरांनी सांगितलं असावं. माझा वेग बघता मी फलटणच्या पुढे काही गेले नाही.

३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला निघाल्या. एरवी अडीच-तीन आठवडे घेणारी वाट काही तासांत सरणार होती. दिवसभर टीव्हीवर फुलांनी सजवलेली गाडी. संध्याकाळी सातला फोन आला. मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच नातवानं फोन सरळ धरला होता. आख्खा चेहरा दिसत होता. कपाळाला बुक्का, नवं लुगडं.

“बसले बघ गाडीत,” त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच जराशा बाजूला सरकल्या. कुणाला तरी जागा द्यावी तशा.

मी काहीच विचारलं नाही. प्रश्नावली कपड्यांच्या ढिगाखाली कुठेतरी होती. आतून कुकर वाजला.

“तिसरी,” मावशी म्हणाल्या. “आन उद्या एकादस हाय. उद्या लावू नको.”