हाड कसे लावावे

‘हाड’ म्हटल्याने फक्त कुत्रे हलते, पेशी हलत नाहीत. आणि विरजण लावता येते म्हणून हाडही लावता येईल, या भ्रमात राहू नका.

आधी मूळपेशी मिळवा. कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा ओढतात. सुई जाड असते, भूल मागून घ्यावी. त्या मज्जेत कामाची पेशी दहा हजारांत एखादी, कधी लाखात एखादी. सुदैवाने ती प्लास्टिकच्या बशीच्या तळाला चिकटून बसते. बाकीचे ओतून द्या. मग ३७ अंशांची ऊब, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि खाऊ म्हणून डेक्सामेथासोन, ‘क’ जीवनसत्त्व, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. तीनेक आठवड्यांनी अ‍ॅलिझरिन रेड हा रंग ओता. तळ लालभडक झाला तर पेढे वाटू नका. तो नुसता कॅल्शियमचा थर आहे.

आता पेशींना चढायला परांची. कॅल्शियम फॉस्फेटची बनवा, अनारशासारखी जाळी पाडून. भोके साधारण ०.३ मिलिमीटरची आणि आतून एकमेकांत उघडणारी. इमारत उभी राहिली की परांची आपली आपण विरघळावी, अशी अपेक्षा असते. लवकर विरघळली तर गवंडी खाली येतो. विरघळलीच नाही तर? इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये तीन रुग्णांच्या हातापायांच्या हाडांतली मोठी तूट अशी भरून काढल्याचे प्रसिद्ध केले. हाडे सांधली, हातपाय कामाला लागले. सहा-सात वर्षांनी पाहिले तर परांची तिथेच, जुन्या भाडेकरूसारखी.

खरी गोची पुढे आहे. पेशीपासून ०.२ मिलिमीटरच्या आत रक्तवाहिनी नसेल तर ती उपाशी मरते. प्लास्टिकच्या बशीत रक्तवाहिन्या कुठून आणणार? भलेभले इथेच अडकतात. माझे मत विचाराल तर चांगले भांडे एकच, माणूस. जर्मनीत कील येथे डॉक्टरांनी जबडा गमावलेल्या रुग्णासाठी टायटॅनियमच्या जाळीचा साचा केला, त्यात हाडाच्या खनिजाचे तुकडे, हाड धरायला लावणारे प्रथिन आणि त्याचीच मज्जा भरली, आणि तो सात आठवडे त्याच्याच पाठीच्या स्नायूत मुरायला ठेवला. मग काढून जबड्याच्या जागी बसवला. हे २००४ मध्ये जाहीर झाले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या गृहस्थाने ब्रेड आणि सॉसेज चावून खाल्ले.

तुमची पाठ तूर्त राहू द्या. बशीतले खाऊचे पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे आहे. पेशींना रविवार कळत नाही, तेव्हा या रविवारी तुम्हीच यायचे.