सांताक्रूझ, किमान सतरा

डिसेंबर अर्धा सरला की बोरिवली, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यातल्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत भल्या सकाळी एक माणूस तोंडातून वाफ निघते का ते पाहत उभा असतो. वाफ निघत नाही. तो पुन्हा जोर लावून श्वास सोडतो. वय पस्तीस-चाळीसच्या मधलं, खाली हाफ पँट, वर मफलर. घरात एक बालवाडीतला चिरंजीव आणि एक नुकती चालायला लागलेली कन्या. हा मुंबईचा थंडीभक्त बाबा.

त्याचं बालपण, निदान बालपणीच्या सुट्ट्या, नाशिककडे किंवा साताऱ्याकडे गेलेल्या असतात. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, हे त्याने पोराला इतक्या वेळा सांगितलंय की पोरगं द्राक्ष खाताना आधी फुंकर मारतं. आपल्याला मिळाला तसा हिवाळा मुलांनाही मिळावा, एवढीच त्याची इच्छा. अडचण समुद्राची आहे. उत्तरेचे वारे आले तर मुंबईत चार दिवस गारवा. वारा फिरला की पंखा तीनवर.

मुंबईत हवामान खात्याच्या दोन वेधशाळा, कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाबा समुद्राला चिकटून असल्यामुळे हिवाळ्यात तिथलं किमान तापमान सहसा सांताक्रूझपेक्षा जास्तच असतं. बाबा कुलाब्याला वेधशाळा मानतच नाही. ‘सांताक्रूझ, किमान सतरा’ ही बातमी तो इमारतीच्या ग्रुपवर टाकतो, सोबत शेकोटीचं चित्र. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंशांची नोंद झाली होती. ही तारीख त्याला लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे, आणि हे त्याच्या बायकोला माहीत आहे. किनारपट्टीवर थंडीची लाट जाहीर व्हायला पारा पंधरा अंशांवर किंवा त्याखाली यावा लागतो, शिवाय सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घसरलेला असावा लागतो. या घोषणेची तो दर वर्षी वाट पाहतो.

तोवर स्वेटर चढवून घेतो. हे स्वेटर रस्त्याकडेच्या तिबेटी विक्रेत्यांकडून नोव्हेंबरातच आणलेले, आणि वाढत्या अंगाचे. बाह्या दोनदा दुमडूनही चिरंजीवांचे हात दिसत नाहीत. वर कानटोपी. शाळेच्या बसपर्यंत पोहोचेस्तोवर पोरगं घामाघूम.

“अरे, उकडतंय त्याला,” आजी म्हणतात.

“आई, थंडी बाधते.”

“बाधायला आधी पडावी लागते रे.”

रात्रीचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा. बाबाला रजई हवी, बायकोला पंखा हवा. तोडगा असा निघतो की पंखा एकवर, अंगावर सोलापुरी चादर आणि तिच्यावर रजई. मध्यरात्रीपर्यंत दोन्ही मुलं लाथा झाडून पांघरुणाबाहेर आलेली असतात. बाबा पहाटेपर्यंत ती पुन्हा पुन्हा घालत राहतो.

एका सकाळी तो मुलांना खिडकीशी उभं करतो. “बघा, धुकं!” समोरची इमारत खरंच दिसेनाशी झालेली असते. चिरंजीव भक्तिभावाने पाहतात आणि खोकतात. हिवाळ्यात वारा पडतो, जमिनीजवळची गार हवा वर जात नाही आणि शहराचा धूर, बांधकामांची धूळ तिथेच तरंगत राहते. आजी न बोलता खिडकी लावून घेतात आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायला ठेवतात.

लाडवांच्या बाबतीत मात्र मायलेकांचं एकमत असतं. तुपात टाकलेला डिंक फुलताना पाहायला दोन्ही मुलं ओट्याशी गोळा होतात. खारकेची पूड, किसून भाजलेलं खोबरं, खसखस, जायफळ हे सगळं परातीत पडेपर्यंत फुललेल्या डिंकाचा पाव हिस्सा पोटात गेलेला असतो. लाडू उष्ण, म्हणून मुलांना अर्धा-अर्धा. बाबाला मोजदाद नाही.

मग येते संक्रांत. आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी होते. चिरंजीव भाकरीवरचे तीळ एकेक वेचून खातात आणि भाकरी बाबाच्या ताटात सरकवतात. पण खरा सोहळा कन्येच्या बोरन्हाणाचा. काळा रंग ऊब धरतो, म्हणून संक्रांतीला तो चालतो, हे शास्त्र बाबा जमलेल्या पाहुण्यांना समजावतो. बाहेर दुपारचा पारा तिशीला टेकलेला असतो. काळ्या झबल्यातली कन्या पाटावर बसते. डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याच्या बांगड्या, कमरेला कंबरपट्टा. हलव्याला काटा जितका छान, तितका तो टोचतो, हे दागिने बनवणाऱ्यांना माहीत असतं आणि घालणाऱ्याला तत्काळ कळतं. कन्या भोकाड पसरते. तेवढ्यात डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे यांची सर कोसळते आणि इमारतीतली सगळी पोरं तिच्यावर झेपावतात. मुलांनी झटापटीत का होईना, या दिवसांतली फळं खावीत, असा यामागचा हेतू सांगतात. पोरं नेमकी चॉकलेटं उचलतात. ती कुणी मिसळली याचा तपास लागत नाही. आजी छताकडे पाहत असतात. बोरं केरात निघतात. कन्येने रडता रडता बांगडी तोंडात घातलेली असते. ती गोड लागते असं कळल्यावर रडं थांबतं आणि फोटो काढून होईपर्यंत निम्मे दागिने संपलेले असतात.

जानेवारीअखेर पोपटी. त्यासाठी रायगडातल्या मावशीचं शेत गाठायचं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. शेकोटीशी हात शेकत बाबा पहिल्यांदाच खरोखर कुडकुडतो. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते पगारवाढीच्या दिवशीही कुणी पाहिलेलं नाही. मुलं मावशीच्या मांडीवर झोपून गेलेली असतात. शेंगा दुसऱ्या दिवशी डब्यातून.

रथसप्तमी झाली की आजी स्वेटर धुऊन डांबरगोळ्यांसकट माळ्यावर टाकतात. पुढल्या वर्षी ते चिरंजीवांना बरोब्बर बसतील, असा बाबाचा अंदाज आहे.

तुमच्या इमारतीत असा एक बाबा असेलच. जानेवारीत लिफ्टमध्ये भेटला, तर घाम पुसता पुसता का होईना, “काय गारठा आहे हो आज!” एवढं जरूर म्हणा. संध्याकाळी तुमच्याकडे डिंकाच्या लाडवांचा डबा येईल.