काढू का ठेवू?

भाऊंना निर्णय घेता येत नाही असं राळेगावात कुणी म्हणू नये. मे महिना सरत आला की त्यांच्या कृषी केंद्रात कपाशीच्या बियाण्यासाठी माणसं येऊ लागतात. शेतकरी जमीन कशी ते सांगतो, पाण्याची सोय सांगतो. भाऊ मान वर न करता म्हणायचे, "हेच वाण घेऊन जा. डोळे मिटून लाव." पाच एकरांचा वर्षभराचा प्रश्न पाऊण मिनिटात निकालात. मान वर व्हायची नाही, कारण २०२५पर्यंत काउंटरखाली मोबाईल असायचा आणि मोबाईलमध्ये ४९ रुपयांची टीम असायची. तिथं मात्र घोडं पेंड खायचं.

ड्रीम इलेव्हन या क्रिकेटच्या ऑनलाइन खेळाची तेव्हाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: खेळाडू ११, क्रेडिट १००, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. आयपीएलच्या संध्याकाळच्या सामन्यात सातला नाणेफेक होते, साडेसातला पहिला चेंडू पडतो. मधल्या अर्ध्या तासात आमच्याकडे युरियाची गोणी मिळत नाही.

न चालणाऱ्याला काढावं की ठेवावं, हा भाऊंचा जन्माचा प्रश्न. ठेवून हरलं तर ४९ रुपये जायचे, तेवढं त्यांना सोसायचं. पण आपण काढला आणि नेमका त्याच दिवशी तो खेळला, तर? या 'तर'पायी २०२५च्या मोसमात त्यांनी ऋषभ पंतला सांभाळलं. लखनौनं त्याला २७ कोटींना घेतलेलं, आयपीएलच्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. पहिल्या १३ सामन्यांत त्याच्या धावा १५१. पोट्टे म्हणायचे, "भाऊ, काढा ना बाप्पा त्याले." भाऊ म्हणायचे, "सत्तावीस कोटीवाला काढून नाही रायला, मी एकोनपन्नासवाला कोन काढनारा?"

दुसरं अवघड जागेचं दुखणं म्हणजे जितेश शर्मा. पोरगा अमरावतीचा, म्हणजे घरचाच. आदल्या वर्षी पंजाबकडून तो फारसा चालला नव्हता, आता बंगळुरूनं ११ कोटींना नेलेला. "त्याले काढलं तर अमरावतीच्या सोयऱ्यांले काय तोंड दाखवू?" सोयरे जणू रोज संध्याकाळी भाऊंची टीम तपासायला बसतात.

२७ मेला लखनौला हे दोघं समोरासमोर आले. दोघेही यष्टिरक्षक, शिवाय त्या दिवशी बंगळुरूचं नेतृत्वही जितेशकडे. साखळीतला शेवटचा सामना. सात वाजून दहा मिनिटांनी भाऊंनी पंतला काढलं. सव्वासातला परत घेतलं. मग जितेशला काढलं, खर्ऱ्याची पुडी सोडली, जितेशला घेतलं. एक म्हातारबुवा थैलीचे पैसे हातात धरून उभे. "थांबा बुवा, पंत पायतो." "कोन्ता पंत?" बुवांनी विचारलं; त्यांच्या ओळखीचे पंत गोविंदवल्लभ. साडेसातला दोन मिनिटं कमी असताना भाऊंनी दोघांनाही काढलं, सॉल्ट आणि पूरन यांना घेतलं आणि हलक्या मनानं घरी जेवायला गेले.

पंतनं ६१ चेंडूंत नाबाद ११८ केल्या आणि शतक झाल्यावर मैदानात कोलांटउडी मारली. भाऊंचा घास हातातच राहिला. बंगळुरूपुढं २२८ धावांचं लक्ष्य होतं. जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकल्या. एकदा त्याचा झेल गेला, तो नोबॉल निघाला. लखनौच्या दिग्वेश राठीनं चेंडू टाकता टाकता नॉन-स्ट्रायकर जितेशच्या टोकाच्या यष्ट्या उडवल्या. तिसऱ्या पंचांनी नाबाद दिलं आणि पंतनंही अपील मागं घेतलं. त्या रात्री जितेशला कुणीच काढू शकलं नाही. काढला तो फक्त राळेगावात.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद असेल असं आम्हाला वाटलं होतं. भाऊ तर बस स्टँडवर चहाच्या टपरीवर उभे, जणू सत्कार घ्यायला! "म्या काढला म्हनून खेयला तो!" गावानं हे इतकं मनावर घेतलं, की ३ जूनच्या अंतिम सामन्याला पोट्ट्यांनी भाऊंच्या टीममधून कोहलीला काढायला लावलं. बंगळुरू सहा धावांनी जिंकलं, अठराव्या मोसमात पहिल्यांदा. पुढचे चार दिवस भाऊंच्या चहाचे पैसे दुसऱ्यांनी दिले. कोहली आउट झाला होता ४३वर, पण असल्या बारकाव्यांत राळेगाव शिरलं नाही.

१९ ऑगस्टला आशिया चषकाच्या भारतीय संघात जितेशचं नाव आलं. श्रेय अर्थातच कुणाला ते सांगायला नको. त्याच आठवड्यात संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ४९ रुपयांचा विषय संपला. भाऊंची टीम आता बिलबुकाच्या मागच्या पानावर बनते, फुकटात. खोडाखोड तेवढीच. सातनंतर युरिया अजूनही मिळत नाही.

मधल्या काळात जितेशनं विदर्भ सोडून बडोद्याचा संघ धरला होता. कुणीतरी भाऊंना डिवचलं. भाऊ उसळले, "घ्या! आता सांगा, कोनं कोनाले काढलं?" मग बिलबुक पुढं ओढून हळूच म्हणाले, "पन काय म्हन्ता, बडोद्याकडून घ्यावं का त्याले?"