हॉकी-कार्डांच्या होऊ घातलेल्या निर्मात्यास अनावृत पत्र

प्रति,
हॉकीपटूंची कार्डे छापण्याचा विचार ज्याच्या मनात आला आहे असा कोणीही धाडसी इसम, बंगळुरू.

विषय : संग्राहकांच्या माफक अपेक्षा.

महोदय,

खेळाडूचे संग्राह्य कार्ड म्हणजे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असा जाड कागदाचा तुकडा. पुढे फोटो, मागे कारकीर्द. कार्डे बंद पाकिटातून विकली जातात आणि आत कोण निघाले हे पैसे मोजल्यावरच कळते. या अटीवर दुसरा कोणताही माल भारतात खपला नसता. आंब्याची पेटीसुद्धा गिऱ्हाईक उघडायला लावतो, खालच्या थरातली फळे दाबून बघतो आणि मग भाव पाडतो. कार्डांचा धंदा मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर चालला आहे, तो केवळ संग्राहकाच्या स्वभावामुळे. म्हणून या स्वभावाची माहिती निर्मात्याला आधीच असलेली बरी.

कार्डांचा जन्म तंबाखूच्या धंद्यात झाला. मऊ पाकिटात सिगारेटी चेपू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत; पुढे त्यावर चित्रे आली. विल्स कंपनीने १८९६ साली इंग्लंडमध्ये ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. कॅनडातल्या इंपीरियल टोबॅकोने १९१०-११ च्या हंगामात बर्फावरच्या हॉकीपटूंची कार्डे आणली. आज आयटीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा पहिला सिगारेट कारखाना १९१३ मध्ये बंगळुरूतच उभा राहिला, आणि विल्सच्या 'सिझर्स' छापाच्या पाकिटांतून हिंदुस्थानी पलटणींची चित्रे निघत होती. शहरात सिगारेट होती, चित्रांची रीत ठाऊक होती, छावणीच्या मैदानांवर हॉकी होती; हॉकीची कार्डे तेवढी नव्हती. शंभर वर्षांची ही दिरंगाई नव्या निर्मात्याने पहिल्याच पाकिटात भरून काढावी, ही संग्राहकांची पहिली आणि त्यातल्या त्यात सोपी अपेक्षा.

दुसरी अडचण नावाची. कार्डांच्या बाजारात हॉकी म्हणजे बर्फावरची. वेन ग्रेट्झकीचे १९७९ चे ओ-पी-ची कंपनीचे कार्ड २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरना गेले. ओ-पी-चीचा कारखाना कॅनडातल्या लंडन गावी होता आणि तिथे कार्डे तारेने कापत, त्यामुळे कडा कुरतडल्यासारख्या येत. आज त्याच कुरतडलेल्या कडा अस्सलपणाची खूण मानल्या जातात. बंगळुरूच्या निर्मात्याने यावरून कापणीत हयगय करण्याचा धडा घेऊ नये. जुन्या कंपनीचा दोष हा वारसा असतो, नव्या कंपनीचा दोष हा दोषच असतो. शिवकाशीहून छापून आलेल्या कार्डाची डावी कड उजवीपेक्षा केसभर रुंद असली, तरी संग्राहक भिंगासह हजर होईल. अमेरिकेतल्या पीएसएसारख्या संस्था कार्डाला १ ते १० गुण देतात आणि नऊ व दहा यांच्यातल्या फरकावर भाव कित्येक पटींनी बदलतो, हे त्याला पाठ असते. पाकिटाची किंमत मात्र चहाच्या कपाएवढी असावी, असे त्याचे म्हणणे आहे.

छपाई किती करावी, याबाबत संग्राहक एकमुखाने सांगतात : फार थोडी, पण मागेल त्याला मिळेल इतकी. या मताला इतिहासाचा आधार आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकेतल्या कंपन्यांनी कार्डे इतकी छापली की त्या काळातली कार्डे आज रद्दीच्या भावातही जड वाटतात. प्रो सेट कंपनीची १९९०-९१ ची हॉकी मालिका तर विपुलतेबरोबर चुकांसाठीही प्रसिद्ध आहे. संग्राहकाला स्वतःला मिळालेले कार्ड दुर्मिळ हवे असते आणि शेजाऱ्याला मिळालेले सर्रास. छपाईयंत्राला असा भेद करता येत नाही, ही तांत्रिक उणीव निर्मात्याने दूर करावी.

परवाने हे प्रकरण थोडक्यात आटोपण्यासारखे नाही. उत्तर अमेरिकेत ते निदान सरळ आहे : २०१० मध्ये पनिनी ही कंपनी बर्फावरच्या हॉकीच्या कार्डांत उतरली आणि २०१४ पासून एनएचएल या तिथल्या लीगचा परवाना एकट्या अप्पर डेक कंपनीकडे गेला. भारतात आधी कोणाकडे जायचे हेच ठरवावे लागते. भारतीय हॉकी महासंघ २००८ मध्ये निलंबित झाला, २००९ मध्ये हॉकी इंडिया आली, आणि २०१२ ची वर्ल्ड सिरीज हॉकी जुन्या महासंघाची म्हणून नव्या संघटनेने मानलीच नाही. प्रीमियर हॉकी लीगचे मराठा वॉरियर्स, बंगलोर लायन्स हे संघ आता फक्त आठवणीत आहेत. त्यांच्या चिन्हांचा मालक शोधायला कार्ड छापण्यापेक्षा जास्त खर्च येईल.

एक पळवाट आहे आणि तीही बंगळुरूच्याच वाटेने जाते. रारिओ ही क्रिकेटपटूंशी करार करून त्यांची डिजिटल कार्डे विकणारी कंपनी. बंगळुरूच्या एमपीएल या ऑनलाइन खेळांच्या कंपनीशी संबंधित 'स्ट्रायकर' या खेळात तेच खेळाडू रेखाचित्रांच्या रूपात अवतरले, करारावाचून. मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग यांच्यासह रारिओ दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाईहुकूम नाकारला. नावे, आकडेवारी यांसारखी सर्वांना खुली असलेली माहिती आणि खेळाडूंची कलात्मक चित्रे वापरण्यावर कोणाची मक्तेदारी नाही, असे त्या टप्प्यावरचे मत होते. तेव्हा निर्मात्याने फोटोऐवजी चित्र काढून काम भागवावे, असे एखादा वकील सुचवील. संग्राहकाला मात्र फोटो हवा, संघाचा अधिकृत गणवेश हवा, कार्डावर खेळाडूची सही हवी, आणि सही शाईची हवी.

कोणाकोणाचे कार्ड काढायचे, यावर पत्रव्यवहार कधीच संपणार नाही. शांतीनगरच्या करिअप्पा स्टेडियमवर प्रेक्षकांत बसणाऱ्या कोणालाही विचारले तर यादी कोडगूपासून सुरू होते : एम. पी. गणेश, १९७५ च्या विश्वविजेत्या संघातले बी. पी. गोविंदा, मॉस्कोच्या सुवर्णसंघातले आणि सोलमधले कर्णधार एम. एम. सोमय्या, गोलरक्षक ए. बी. सुब्बय्या. मग बँकॉकच्या १९९८ च्या आशियाई अंतिम सामन्यात टायब्रेकरमध्ये फटके अडवणारा गोलरक्षक आशिष बल्लाळ. तिथे कोणी तरी कोडवांच्या कौटुंबिक हॉकी महोत्सवाचा विषय काढतो. १९९७ मध्ये पांडंडा कुट्टप्पा यांनी तो ६० घराण्यांवर सुरू केला. २०२४ मध्ये ३६० घराण्यांचे संघ उतरले. एका संघाला अकराच कार्डे धरली तरी तीन हजार नऊशे साठ होतात, आणि कोडगूतले एकही घराणे आपले नाव गाळलेले सहन करणार नाही. मराठी संग्राहकाची मागणी त्यामानाने संयमाची : खडकीचे बाबू निमल आणि खडकीचेच धनराज पिल्ले, दोघे पहिल्या दहात.

नावांच्या बाबतीत दक्षता घ्यावी. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या भारतीय संघात तीन बलबीर सिंग होते, आणि त्यांपैकी एकही १९५२ च्या अंतिम सामन्यात पाच गोल करणारे बलबीर सिंग नव्हते. तीन कार्डांवर एकच फोटो छापला गेला तर त्याला चूक म्हणावे की दुर्मिळ आवृत्ती, हे ठरवण्याचा अधिकार संग्राहक राखून ठेवतात.

आता कार्डाची मागची बाजू. महोदयांनी तळटीप समजून सोडून देऊ नये असा हा भाग. नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या मराठी माणसाला कुस्तीगीर अंडरटेकरची उंची, वजन, छाती आणि रँक आजही सांगता येते, कारण ट्रंप कार्डावर ते छापलेले होते आणि मधल्या सुट्टीत त्यावर डाव जिंकले जात. त्याच माणसाला धनराज पिल्ले यांचे आंतरराष्ट्रीय गोल विचारले तर तो गप्प बसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. महासंघाने गोलांची अधिकृत नोंदच नीट ठेवली नाही. १७० च्या आसपास असा अंदाज सांगितला जातो. बर्लिनमध्ये १९३६ च्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले, त्यातले ध्यानचंद यांचे गोल तीन की सहा, यावर आजही पुस्तके भांडतात. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूचा हिशेब वहीत जातो. हॉकीत गोल झाला की लोक नाचले आणि घरी गेले. त्यामुळे कार्डाच्या मागच्या चार ओळी भरायला निर्मात्याला जुनी वर्तमानपत्रे चाळणारी माणसे पगारावर ठेवावी लागतील. तो खर्च त्याने आनंदाने करावा. आकडा चुकला तर कार्ड परत घ्यावे, आणि आकडा बरोबर असूनही एखाद्या संग्राहकाच्या काकांच्या आठवणीशी जुळत नसेल तरी परत घ्यावे.

आठवणवस्तूंची कार्डे ही अलीकडची फॅशन. २००३ मध्ये डॉनरस कंपनीने बेसबॉलपटू बेब रूथची जर्सी लिलावात घेतली, कापली आणि तुकडे कार्डांत चिकटवले. भारतीय संग्राहकाचे लक्ष साहजिकच ध्यानचंद यांच्या स्टिककडे जाईल. त्या स्टिकमध्ये चुंबक आहे का हे पाहायला परदेशात ती मोडली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असल्यास तुकडे आयतेच तयार असतील.

विक्री केंगेरीच्या वाटेवरच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्राबाहेर, जिथे राष्ट्रीय संघाची शिबिरे भरतात, आणि चर्च स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून व्हावी. दर पाकिटात निदान एक गोलरक्षक श्रीजेश असावा. डबल निघालेली कार्डे कंपनीने छापील किमतीत परत घ्यावीत, मात्र ती दुर्मिळ निघाल्याचे नंतर कळल्यास मूळ मालकाला मूळ किमतीतच परत करावीत. पहिल्या वर्षाची मालिका कोणी विकत घेईल अशी निर्मात्याने अपेक्षा ठेवू नये. कंपनी टिकते का हे पाहून दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाची पाकिटे जुन्या दराने मागितली जातील, तेव्हा ती शिल्लक ठेवावीत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
संग्राहक
(पाकीट फोडण्यापूर्वीचे, नंतरच्यांचे पत्र वेगळे येईल)